अक्कानं पाठवलेला पाळणा

पाळणा आला तेव्हा घरात मापवाली एकटीच होती.

मापवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. सरकत्या खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ती मापं घ्यायचं काम करायची. अर्धवट बांधलेल्या इमारतींत टेप घेऊन मजल्यामागून मजले चढायचे, भिंतींत सोडलेल्या चौकोनांची लांबी-रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी मोजायची, मग त्या मापानं कारखान्यात चौकटी कापल्या जायच्या. तिथल्या कारागिरांनी ठेवलेलं हे नाव तिच्या मागोमाग घरापर्यंत आलं आणि चिकटलं. नवराही खुशीत असला की तिला तसंच हाक मारायचा. सातवा महिना लागल्यापासून तिचं जिने चढणं बंद झालं होतं. अर्धा दिवस कारखान्यातल्या टेबलापाशी, अर्धा दिवस घरी, असं चाललं होतं.

दोन हमाल घामाघूम होऊन पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली एक मोठी वस्तू जिन्यातून वर घेऊन आले. चादरीची इस्त्री कडक होती. ती बघूनच हे कुणाकडून आलं ते तिनं ओळखलं.

"खोलून आणला असता तर निम्मं ओझं झालं असतं," एक हमाल मान पुसत म्हणाला. "पण बाई ऐकेनात. म्हणाल्या, एक स्क्रू हलवायचा नाही. आहे तसाच पोचवा."

त्यांनी तो आतल्या खोलीत खिडकीपाशी ठेवला, पाणी प्यायले आणि गेले. त्यांची पावलं जिन्यावर वाजत असतानाच फोन आला.

"आला का गं?" अक्कानं विचारलं.

"आत्ताच आला, अक्का."

"चादर काढू नकोस. मी येते आणि काढते."

अक्का म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. दोघांत दहा-बारा वर्षांचं अंतर. नवऱ्याला मिशा फुटल्या, लग्न झालं, औषधांच्या दुकानात तो गल्ल्यावर बसायला लागला, तरी अक्कासाठी तो छोटूच होता. अक्काचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं, दुकानाच्या मागेच दोन खोल्या, आणि त्यांत ती एकटी राहायची. कधीकाळी तिला नवरा होता आणि एक मुलगा झाला होता. मुलगा सात महिन्यांचा होऊन गेला. त्यानंतर वर्षभरात नवराही दुसऱ्या गावी निघून गेला, आणि तिथं त्यानं दुसरा संसार थाटला. घरात हे सगळं एका वाक्यात सांगितलं जायचं. अक्काचं मूल तापानं गेलं. पुढे कुणी बोलायचं नाही. मापवालीनं लग्नानंतर एकदा विचारून पाहिलं होतं, तेव्हा सासूबाईंनी तिच्या हातात धुतलेले कपडे दिले होते आणि म्हटलं होतं, "हे घडी घालून ठेव."

संध्याकाळी नवरा घरी आला आणि सरळ आतल्या खोलीत गेला. चादरीचं एक टोक उचलून त्यानं खाली डोकावलं.

"हाच का तो?" तिनं विचारलं.

"हाच." त्यानं चादर खाली सोडली. "तुला नको वाटतंय का?"

"तसं नाही. पण त्यातच ना..."

"हो, त्यातच. पण लाकूड आहे ते. त्याचा काय दोष? पोराला ताप आला होता." मग त्याचा आवाज जरा सैल झाला. "हा मी जोडलाय, माहितेय? अठराचा होतो. खोक्यातून सुटे भाग आले होते. अक्काचा नवरा म्हणत होता सुतार बोलवू. मी म्हटलं, कशाला? एका दुपारी उभा केला. त्याच्याबरोबर आलेला कागद वाचायचीही गरज पडली नाही."

सासूबाई त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या. बाहेर आल्यावर त्यांना खोलीच्या उघड्या दारातून ती पांढरी चादर दिसली. त्या तिथंच थबकल्या आणि परत वळल्या. त्या दिवसापासून त्या आतल्या खोलीत गेल्याच नाहीत. रोजचे ओले कपडे त्या खोलीच्या गॅलरीत वाळत घालायची पद्धत होती. आता ते स्वयंपाकघरात दोरी बांधून वाळायला लागले आणि येता-जाता सगळ्यांच्या तोंडाला लागायला लागले. का, ते कुणी विचारलं नाही.

रविवारी अक्का आली. तिनं स्वतःच्या हातानं चादर काढली, घडी घातली आणि बाजूला ठेवली.

पाळणा म्हणायचा, पण झुलणारा नव्हे. चार पायांवर उभा, चारही बाजूंना उभ्या दांड्यांचा कठडा, आत छोटी गादी. पुढची बाजू खाली-वर सरकायची, म्हणजे बाळाला उचलताना आईला वाकायला नको. लाकूड गुळगुळीत, मधाच्या रंगाचं. इतक्या वर्षांत त्याच्यावर ओरखडा नव्हता. मापवालीला आधी तेच विचित्र वाटलं. ज्या घरात मूल नाही, त्या घरात तो कुणीतरी रोज पुसलेला होता.

"ह्यात एक पोर मोठं झालेलं बघायचंय मला," अक्का दांडे पुसत म्हणाली. "दुसरं काही नको."

तेव्हापासून ती दर दोन-तीन दिवसांनी यायला लागली. यायची ती पिशवीत पिवळं फडकं घेऊन. आतल्या खोलीत स्टूल ओढून बसायची, एकेक दांडा वरपासून खालपर्यंत पुसायची, गादी उन्हात टाकायची, पुन्हा आणून ठेवायची. मापवाली चहा घेऊन गेली की बोलायची. बोलणं साधंच असायचं.

"दुकान मी मदतनीस बाईच्या हवाली करणार आहे," एकदा ती म्हणाली. "तू परत कामावर जा खुशाल. बाळाला मी बघेन."

"इतक्यात कशाला, अक्का? अजून दोन महिने आहेत."

"मी डोळ्याला डोळा लावणार नाही, बघ. त्या दिवशी लागला होता." तिनं फडकं पलटलं. "आदल्या रात्री इस्त्रीचं खूप काम आलं होतं. दुपारी त्याला ठेवलं आणि जरा आडवी झाले. म्हटलं, आई आहे घरात. त्याला आत ताप चढत होता आणि मी घोरत होते. ह्यांनी मला तसंच म्हटलं, जाताना. तू घोरत होतीस. खोटं नव्हतं ते."

अक्कानं चहाचा कप उचलला आणि तो तोंडाला न लावता म्हणाली, "हा दांडा तो धरायचा. हा, तिसरा."

त्या रात्री मापवालीनं नवऱ्याला सांगितलं की आपण दुसरा पाळणा घेऊ या. तो पाठमोरा होता. "अक्काला काय सांगायचं?" एवढंच तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती कारखान्यातून घरी आली. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. ती पाय वर घेऊन बाहेरच्या खोलीत बसली होती, तेवढ्यात आतून आवाज आला. खट्ट. लाकडावर लाकूड आपटल्यासारखा.

आत जाऊन बघते तर पाळण्याची पुढची बाजू खाली उतरलेली. खोलीत कुणी नव्हतं आणि खिडकी बंद होती. तिनं ती बाजू दोन्ही हातांनी वर ओढली. ती वर आली, खटका बसल्यासारखा वाटला, आणि हात सोडल्यावर जागेवर राहिली. मापवाली तिथंच उभी राहिली. आतापर्यंत तिनं पाळण्याकडे नीट बघितलंच नव्हतं, कारण बघायला गेलं की मेलेलं मूल आठवायचं. आता मात्र तिनं कामावर बघायची त्या नजरेनं बघितलं.

दांड्यांमध्ये मूठ घालून पाहिली. जात नव्हती, अंतर ठीक होतं. गादी चारही कडांना भिडलेली होती. मग तिनं पुढची आणि मागची बाजू एकमेकींशी ताडून पाहिली. मागच्या बाजूची वरची कड गोल घासलेली होती, बाळाला लागू नये म्हणून. पुढच्या बाजूची वरची कड चौकोनी आणि पातळ होती. ती कशीबशी गुडघ्यांवर बसली आणि खाली हात घातला. गोल कड खाली होती.

सरकत्या खिडकीचं शटर कधी कधी नवखा कारागीर उलटं बसवून जातो, वरची कड खाली. लांबून बघितलं तर काही कळत नाही, ते सरकतंही. पण ज्या कडेला अडकवायचे आकडे असतात ती भलतीकडे गेलेली असते, आणि खालची कड कशातच धरलेली नसते. बाहेरून वारा आला तर शटर चौकटीवर दाबलं जातं आणि टिकतं. आतून कुणी टेकलं तर खालून सुटतं. असं एक शटर तिनं स्वतः चौथ्या मजल्यावर वेळीच पाहिलं होतं आणि त्यानंतर कित्येक दिवस तिला जेवण गोड लागलं नव्हतं.

तिनं पाळण्यात हात घालून पुढच्या बाजूला आतून हलकंसं ढकललं. वरती काहीच झालं नाही. खालची कड मात्र कुरकुरही न करता अलगद बाहेर गेली. गादी आणि दांडे ह्यांच्यामध्ये एक फट उघडली. हात काढल्यावर ती तशीच राहिली.

स्वयंपाकघरातून तिनं पिठाची पिशवी आणली. साधारण सहा-सात महिन्यांच्या बाळाएवढी जड. ती गादीवर ठेवून तिनं ढकलली, कूस वळताना बाळ लोटतं तशी. पिशवी कडेला टेकली, बाजू खालून बाहेर सरकली, आणि पिशवी फटीत उतरत गेली. निम्मी उतरल्यावर अडकली. खाली पडली नाही. वरचा भाग गादीच्या कडेशी दाबला जाऊन तिथंच राहिला.

"काढ ती," दारातून आवाज आला. "आधी ती काढ तिथून."

सासूबाई दारात उभ्या होत्या. चौकट दोन्ही हातांनी धरलेली. मापवालीनं पिशवी ओढली. ती सहजी निघाली नाही, बाजू बाहेर दाबावी लागली. पीठ सांडलं. सासूबाई हळूहळू खाली बसल्या, दाराशीच.

"आई," मापवाली म्हणाली, "बाळ तापानं गेलं नव्हतं."

"आदल्या दिवशी अंग कोमट होतं त्याचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी गुडघे जवळ ओढले. मग म्हणाल्या, "मी तिथंच होते राहायला. ती झोपली होती. बाळ इतका वेळ गप्प कसं म्हणून मी बघायला गेले."

"आणि?"

"तू आत्ता बघितलंस तेच." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी काढलं त्याला. बाजू आत ढकलली. ढकलल्यावर काही कळतच नव्हतं, पाळणा चांगला दिसत होता. मग त्याला मांडीवर घेतलं आणि तिला हाक मारली. डॉक्टर आले तेव्हा मीच म्हटलं, ताप होता."

"पण का, आई?"

"छोटू बाहेरच्या खोलीत होता. शीळ घालत होता. त्याला काही ठाऊकच नव्हतं." त्यांचा आवाज अगदी सरळ होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "एक पोर गेलंच होतं. दुसरं माझं होतं."

"आणि अक्का? त्यांना इतकी वर्षं वाटतंय की त्या झोपल्या म्हणून."

"ती माझी नव्हती का, असंच ना? होती. पण ती सोसेल असं वाटलं मला. तो सोसू शकला नसता." त्यांनी मापवालीकडे पाहिलं. "आता तुझ्या हातात आहे. त्याचं पोर जन्माला यायच्या तोंडावर त्याला हे सांगशील?"

सांडलेलं पीठ दोघींनी मिळून भरलं. कामाचं बोलणं असावं तसं त्यांचं ठरलं. अक्काला सांगायचं की लाकडाला आतून कीड लागली आहे. नवा पाळणा घ्यायचा. हा हळूच मोडून टाकायचा. मापवालीनं मान डोलावली. तिच्या पोटात बाळानं लाथ मारली तेव्हा ती दचकली, जणू कुणीतरी ऐकत होतं.

मापवालीनं फोनवर अक्काला कीड लागल्याचं सांगितलं. अक्का म्हणाली, "एकेक दांडा बघून पुसते मी दर वेळी, कीड असती तर कळलं असतं." मग म्हणाली, "बरं. मग नवा घेऊ. मी येते दुकानात, मी निवडणार. एवढं तरी करू दे."

त्याला नाही कसं म्हणणार? सासूबाईंनी खूप प्रयत्न केले. ऊन फार आहे, छोटू आणेल, दुकानातले लोक घरी पोचवतात. अक्का ऐकेना. शेवटी शनिवारी त्या दोघी गेल्या, मापवाली आणि अक्का.

दुकान मोठं होतं, पाळण्यांची एक अख्खी रांग. ते दाखवणारी बाई पन्नाशीची, बडबडी, स्वतःला नातवंडं असल्याचं दोन वाक्यांतच सांगून मोकळी झालेली. तिनं मापवालीला खुर्ची दिली आणि अक्काला एकेक पाळणा दाखवायला सुरुवात केली. गादी कडक हवी, अंगठा दाबला तर खड्डा पडता कामा नये. गादी आणि कठडा ह्यांमध्ये दोन बोटं गेली तर ती गादी घेऊच नका. उशा, मऊ दुलया, खेळणी आत काही नको, दिसायला कितीही छान दिसलं तरी. अक्का सगळं मन लावून ऐकत होती. प्रत्येक गादीत अंगठा दाबून बघत होती. मापवालीला वाटलं, चला, निभावलं.

"ह्याची बाजू खाली होत नाही का?" अक्कानं विचारलं. "वाकायला नको म्हणजे."

"नाही हो, ताई. तसले आता आम्ही ठेवतच नाही." बाई कौतुकानं सांगायला लागली. "दिसायला सोयीचे, पण घात करायचे. घरी जोडताना लोक बाजू उलटी लावायचे, समजायचंच नाही. मग ती खालून सुटायची आणि बाळ फटीत सरकून..."

"अक्का, तो बघा ना पलीकडचा," मापवाली उठत म्हणाली. "तो पांढरा."

अक्कानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सरकून काय?" तिनं विचारलं.

बाई आता जरा घुटमळली. पोटुशी बाईसमोर असलं बोलायला नको होतं, हे तिला उमगलं असावं. "जाऊ द्या हो. नको ते."

"सांगा. सरकून काय?"

"अडकायचं," बाई हळू म्हणाली. "श्वास कोंडायचा. आवाजसुद्धा करता यायचा नाही बिचाऱ्यांना. शेजारी कुणी जागं बसलं असलं तरी कळणार नाही."

अक्कानं समोरच्या पाळण्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "उलटी लागली हे कशावरून ओळखायचं?"

"वरची कड गोल असते ना, ती खाली जाते."

"अच्छा," अक्का म्हणाली. तिनं त्याच पाळण्याकडे बोट दाखवलं, चारही बाजू पक्क्या असलेल्या, अगदी साध्या. "हा द्या."

पाळणा घेऊन दोघी घरी निघाल्या. गाडीत खोकं दोघींच्या पायांपाशी आडवं होतं आणि अक्का त्यावर हात ठेवून बाहेर बघत होती. मापवालीच्या मनात दहा वेळा आलं, बोलावं. दहा वेळा तिनं खोक्यावरची दोरी नीट केली. जिन्यात अक्का थांबली.

"कीड कुठं लागलीय ते दाखव मला," ती म्हणाली.

मापवाली काही बोलली नाही. तेच उत्तर होतं.

अक्का सरळ आतल्या खोलीत गेली. इतकी वर्षं जे दांडे तिनं पुसले होते त्यांच्यासमोर ती वाकली आणि खालच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. मग आत हात घालून तिनं हळूच ढकललं. फट उघडली. तिनं त्या फटीत हात घातला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, आणि तसाच ठेवला.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, दारात थांबल्या. दोरीवरचे कपडे पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते.

तासाभरानं नवरा घरी आला. खोकं बघून तो खूष झाला, कपडे न बदलताच त्यानं पक्कड आणि पेचकस काढला. "आणलात? चला, आत्ताच उभा करतो."

"कर," अक्का म्हणाली. ती स्टुलावर बसली होती. "मी बघते."

त्यानं खोकं फोडलं, फळ्या भिंतीला टेकवून लावल्या, स्क्रू वाटीत काढले. कागद नेहमीसारखा बाजूला सारला. अक्कानं वाकून तो उचलला आणि त्याच्यासमोर धरला.

"वाचून जोड."

"अगं, ह्यात काय आहे एवढं? मी तर तो..."

"वाच, छोटू. मोठ्यानं वाच."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्यानं कागद घेतला आणि वाचायला लागला. पहिली पायरी, दुसरी पायरी. अक्का त्याला एकेक स्क्रू देत होती. तिसऱ्या पायरीला तो वाचत होता, "बाजूची गोल कड वर येईल अशी लावा. उलटी लागल्यास बाजू खालून सुटून बाळ अडकू शकतं." आणि हातातली बाजू त्यानं फिरवून पाहिली, गोल कड वर केली. मग सहज, खात्री करायला म्हणून, त्याची नजर शेजारी उभ्या असलेल्या जुन्या पाळण्याकडे गेली.

नजर तिथंच राहिली. मापवालीला त्याचा चेहरा दिसत होता. आधी त्यावर नुसतं नवल होतं, काहीतरी चुकलेलं दिसल्यावर येतं तेवढंच. मग त्यानं अक्काकडे पाहिलं. मग दारातल्या आईकडे. आईनं मान खाली घातली, आणि त्याला सगळं कळलं. हातातली बाजू त्यानं जमिनीवर ठेवली, फार जपून, आवाज होऊ न देता.

"अक्का," तो म्हणाला.

"तू अठराचा होतास," अक्का म्हणाली. "कुणी तुला एकदासुद्धा म्हटलं नाही की बघून घे. मीही नाही. मी तर तुला लाडू दिला होता त्याबद्दल." ती उठली आणि दाराकडे वळली. "पण तू बघितलंस, आई."

सासूबाईंनी चौकटीला हात टेकला.

"तू त्याला तिथून काढलंस. मला झोपेतून उठवलंस आणि ताप सांगितलास. तो माणूस मला घोरत होतीस म्हणाला, तेव्हा तू शेजारी बसली होतीस. तेव्हा तरी बोलायचंस."

"मला वाटलं..."

"मी सोसेन. हो. सोसलं ना." अक्कानं पिवळं फडकं पिशवीत टाकलं आणि चप्पल घालून निघून गेली. ती जिना उतरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

नवा पाळणा शेवटी मापवालीनं जोडला, दुसऱ्या दिवशी, थांबत थांबत. नवरा कामावर गेला, आला, जेवला नाही. दोन दिवस तो कुणाशीच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का आली ती करवत घेऊन.

"हा कुणी उचलून नेता कामा नये," ती भावाला म्हणाली. "नुसता बाहेर ठेवला तर कुणीतरी घरी नेईल, धुऊनपुसून पोराला ठेवेल. चल."

दोघांनी तो खाली इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत नेला. भाऊ कापत होता आणि अक्का समोरून धरत होती. मध्येच त्याचा हात थांबायचा, खांदे हलायला लागायचे, आणि ती लाकूड न सोडता वाट बघायची. मग तो पुन्हा कापायचा. मापवाली खिडकीतून बघत होती. सासूबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, थोडं बघितलं आणि आत गेल्या. खालून त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मुलगी झाली, वेळेवर आणि ठणठणीत. अक्का येते, आठवड्यातून दोनदा, सासूबाई बाजारात गेल्या असतील अशी वेळ बघून. बाळाला मांडीवर घेते, भावाशी चार शब्द बोलते, आणि जिन्यात सासूबाईंची चाहूल लागली की उठते. दोघी जिन्यात एकमेकींना वाट देतात. नवरा कामावर निघण्यापूर्वी पाळण्याचा प्रत्येक स्क्रू बोटांनी दाबून बघतो. त्याची शीळ घालायची सवय गेली. मापवालीनं त्याला कधीतरी सांगायचं ठरवलं आहे की कीड लागल्याचं खोटं तिच्याही तोंडून गेलं होतं, पण ते अजून सांगून झालेलं नाही.

सासूबाई नातीचं सगळं करतात. अंघोळ, तेल, अंगाई. त्यांचा जीव आहे तिच्यावर, हे कुणालाही दिसेल. दुपारी बाळाला झोपवून त्या खोलीतून बाहेर येतात आणि हळू आवाजात म्हणतात, "झोपलीय छान. काही काळजी नाही." मापवाली "बरं" म्हणते. थोडा वेळ जाऊ देते, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. मग हातातलं काम खाली ठेवते आणि आत जाऊन स्वतः बघून येते.